जो सवाल एकीला, तोच दुसरीला

मराठीची प्राध्यापिका म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर कविता गुणगुणत असणार. डहाणूतले आमचे वाडीवाले नातेवाईक तर लग्नकार्यात भेटले की अजून म्हणतात, "तुझं बरं होतं गं, गोष्टी वाचायच्या आणि पगार घ्यायचा." आता निवृत्त झाले आहे, तेव्हा सांगून टाकते. गोष्टी वाचणं हा माझ्या कामाचा सगळ्यात छोटा भाग होता. पालघर जिल्हा नवा झाला त्या वर्षी, २०१४ साली, मी तलासरीच्या कॉलेजात आले आणि २०१९ला तिथूनच घरी बसले. त्या काळात माझा घसा सगळ्यात जास्त कोरडा पडला तो एका प्रश्नापायी: 'पुढील दोन कथांची तुलना करा.'

मुलांना या प्रश्नाची धास्ती, कारण इथे पाठांतर कामाला येत नाही. एका कथेचं रसग्रहण गाईडातून पाठ करता येतं, दुसरीचंही येतं. पण दोन पाठांतरं एकाखाली एक उतरवली म्हणजे तुलना होत नाही. दोन माणसं एका बाकावर बसली म्हणून त्यांची ओळख झाली असं थोडंच असतं?

ज्यांनी असा निबंध कधी लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगते. तो रचायच्या दोन रीती आहेत. पहिलीत आधी एका कथेबद्दल सगळं सांगायचं, मग दुसरीबद्दल सगळं, आणि शेवटी दोघींना समोरासमोर आणायचं. ही लिहायला सोपी आणि घात करणारी. दुसऱ्या कथेपाशी येईपर्यंत तपासणारा पहिली विसरलेला असतो आणि लिहिणारा दमलेला असतो. मग तो 'दुसऱ्या कथेतही वरीलप्रमाणेच' असं लिहून मोकळा होतो. दुसऱ्या रीतीत मुद्दा धरायचा. कथा कोण सांगतंय, हे दोन्ही कथांना विचारायचं. शेवट कुठे होतो, हेही दोघींना विचारायचं. काम चिकट आहे, पण लपवाछपवी चालत नाही. मी वर्गात एकच वाक्य इतक्यांदा म्हणायचे की पोरं पाठीमागे माझी नक्कल करायची: "जो सवाल एकीला, तोच दुसरीला."

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार भेटली. चिंचणीची एक मुलगी तलासरीला मामाकडे राहून शिकायची. तिची आई मासळी विकते. हिने दोन निसर्गकवितांची तुलना केली ती अशी: 'पहिली कविता ताजी आहे. दुसरी सकाळी ताजी असावी, पण आता उतरलेली आहे.' मी हसले आणि मग रागावलेही, कारण हा रोग फार पसरलेला आहे. तुलना म्हटली की मुलांना कोण सरस ते ठरवायची घाई होते. तिला म्हटलं, "अगं, तुला यातली एक विकत घ्यायची नाहीये." तर म्हणते, "मग मॅडम, दोन्ही हातात कशाला घ्यायच्या?"

दुसरे एक गृहस्थ अच्छाडच्या नाक्यावर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला होते. चाळिशीला टेकलेले, बाहेरून परीक्षा देणारे. ट्रकांच्या नोंदी करून करून त्यांचा हात इतका बसलेला की त्यांनी निबंधच दोन रकान्यांत आणला. पानं: नऊ, बारा. पात्रं: चार, सात. मृत्यू: एक, निरंक. "फरक दिसतो ना मॅडम?" असं वर विचारलं. दिसत होता हो, खोटं कशाला बोलू! पण तो फरक असण्याने कथेचं काय झालं, हे रकान्यात मावत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "प्रत्येक ओळीपुढे 'म्हणून' लिहा आणि पुढचं वाक्य पुरं करा." त्यांनी महिनाभर 'म्हणून'शी झुंज घेतली आणि पास झाले. निकालाच्या दिवशी ढाब्यावरची जलेबी घेऊन आले होते.

पण मला सांगायचं आहे ते वनिताबद्दल. माझं निवृत्तीचं वर्ष होतं आणि ती तिसऱ्या वर्षाला होती. तलासरीपासून आत, मुख्य रस्ता सोडून बरंच चालत जावं लागतं अशा पाड्यावरची. घरात कॉलेजात आलेली पहिलीच. बोलायची कमी, ऐकायची फार. त्या हिवाळ्यात आमच्या भागात भूकंपाचे धक्के बसत होते. भिंतींना तडे गेलेले, लोक अंगणात झोपत होते. आम्हीही वर्ग बाहेर आणले होते. चिंचेखाली सतरंज्या अंथरायच्या आणि शिकवायचं. एखाद्या वेळी जमीन हलली की सगळे कॉलेजच्या कौलांकडे बघायचे आणि मी पुन्हा 'मुद्दा दुसरा' म्हणून पुढे चालू.

अभ्यासक्रमात दोन कथा होत्या. दोन्हींत एक बाई नवऱ्याचं घर सोडते. एक शहरातली शिक्षिका, स्वतःची हकीकत स्वतः सांगणारी. दुसरी नदीकाठच्या गावातली कुंभारीण, तिची हकीकत गावकरी सांगतात. या दोघींवर वीस गुणांचा निबंध लिहून आणायचा होता. वनिताने कच्चा खर्डा आणला. आधी शिक्षिकेचं म्हणणं, सविस्तर. मग कुंभारणीचं म्हणणं, तेही सविस्तर. आणि शेवटचा परिच्छेद असा: 'पहिल्या लेखिकेने नवऱ्याचा दोष थोडा कमी करावा. दुसऱ्या लेखकाने बाईला एकदा तरी बोलू द्यावे. असे केल्यास दोन्ही कथा नीट नांदतील.'

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. इतक्या वर्षांत कोणी लेखकांमध्ये समेट घडवून आणला नव्हता.

"हे कुठून काढलंस?" मी विचारलं.

ती लाजली. म्हणाली, "मॅडम, माझा बापूस असाच करतो."

तिचे वडील नवसू हे पाड्यावरचे पंच. कुणाचं बांधावरून, कुणाचं नवराबायकोवरून बिनसलं की त्यांना बोलावणं येतं. ते आधी एका बाजूला पुरं बोलू देतात, मग दुसऱ्या बाजूला. शेवटी दोघांनी थोडं थोडं सोडायचं. कुणी रिकाम्या हाताने घरी जायचं नाही, ही तिथली रीत. लहानपणापासून बैठकीच्या कडेला बसून हिने हेच ऐकलेलं. दोन बायकांच्या कथा समोर आल्यावर हिने बैठक बसवली, यात नवल ते काय!

मी तिला समजावलं, की कथांमध्ये तडजोड करायची नसते. दोघी वेगळ्या आहेत तर वेगळ्या राहू देत. कुठे वेगळ्या आणि त्याने काय होतं, एवढंच दाखव. आणि आधी एकीचं सगळं, मग दुसरीचं सगळं, असं नको. ती खर्डा घेऊन गेली आणि पुढचे काही दिवस वर्गात फिरकलीच नाही.

मला वाटलं, रागावली. चार शब्द जास्त बोलायची मला सवय आहेच. पण एका दुपारी मी डहाणूच्या जीपची वाट बघत उभी असताना ती समोर आली आणि थेट म्हणाली, "मॅडम, रविवारी आमच्याकडे याल? ताईची बैठक हाय."

तिची मोठी बहीण संगीता. गुजरातेत, हद्दीपलीकडे, बल्बच्या कंपनीत कामाला जायची. नवरा संदीपही तिकडेच, दुसऱ्या कंपनीत. सासरच्यांनी संगीताला काम सोडायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. एक दिवस ती कामावरून आली तर सासरच्यांनी तिला बाहेरूनच माहेरी वाटेला लावलं. तीन वर्षांची चिमी मात्र त्यांनी ठेवून घेतली. दिवाळीपासून संगीताने लेकीला पाहिलं नव्हतं. रविवारी ठरणार होतं, चिमी कुणाकडे राहायची ते.

"तुझे वडील आहेत ना?" मी म्हटलं.

"सवताचे घरच्या भांडणात पंचाने तोंड उघडायचं नाय," ती म्हणाली. "त्यांच्याकडनं रूपजीकाका येणार, भावोजींचा चुलता. तो बोलायला लागला तं कोणाला काय आठवत नाय. तुम्ही बोला मॅडम आमच्याकडनं."

मी नाही म्हटलं. भित्री म्हणून नव्हे. आम्ही किनाऱ्यावरचे वाडीवाले, चिकूच्या बागांचे मालक. चिकू उतरवायला अशाच पाड्यांवरून आमच्याकडे माणसं येत आली. तिथे जाऊन मी न्याय सांगू लागले असते तर रूपजीला आयतीच काठी मिळाली असती, आणि ती त्याने संगीताच्याच पाठीत घातली असती. "मी येऊन बसते," म्हटलं. "बोलायचं ते तू बोल." तिचा चेहरा पडला. मी जीपमध्ये चढले, पण आशागड येईपर्यंत मन खात राहिलं.

रविवारी सकाळी गेले. अंगण सारवलेलं, चटया टाकलेल्या. मध्यस्थ म्हणून शेजारच्या पाड्यावरचे काकड्याबाबा, वय झालेले, डोळे अर्धवट मिटलेले. एका बाजूला रूपजी, संदीप आणि संदीपची आई. चिमी आजीच्या मांडीवर. दुसऱ्या बाजूला नवसू, ओठ शिवल्यासारखे, आणि त्यांच्यामागे संगीता. ती लेकीकडे बघत होती आणि चिमी तिच्याकडे. हात कुणीच पुढे केले नाहीत. बैठक संपेपर्यंत मुलीला बोलवायचं नाही, असं ठरलं होतं म्हणे. मला ते बघवेना, मी चहाच्या कपात तोंड घातलं.

रूपजी खरंच बोलणारा माणूस. "आम्ही सुनेला मारली नाय, उपाशी ठेवली नाय," इथून सुरुवात. मग, ती अंधार पडल्यावर घरी येते. पोरीला ताप भरला तेव्हा ही कंपनीत. सासूला उलट बोलते. मोबाईलवर हसते. एकातून एक, एकातून एक. तो थांबला तोवर अंगणातली माणसं संगीताकडे अशी बघत होती, की तिने आता फक्त माफी मागायची बाकी आहे. तिच्या बाजूने एक मामा उठला आणि "मोबाईलचा तसा काय नव्हता," म्हणत शेवटच्याच गोष्टीत अडकला. मी मनात म्हटलं, झालं. पहिली कथा संपली आणि दुसरीला 'वरीलप्रमाणेच' मिळालं.

तेवढ्यात वनिता उठली. "मी बोलू?"

"पोरीनं बोलायचं?" रूपजी हसला.

काकड्याबाबांनी डोळे उघडले. "शिकलेली हाय. बोल पोरी. वाकडा बोलशील तं बसवीन."

ती घाबरलेली होती, पदराशी चाळा करत होती. पण म्हणाली, "रूपजीकाका जेवढा बोलले तेवढा मी नाय बोलणार. मी एकेकच गोष्ट घेतंय. जो सवाल ताईला, तोच भावोजींना विचारायचा. चालंल?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

काकड्याबाबांनी मान हलवली.

"ताई अंधार पडल्यावर घरी येते. भावोजी, तुम्ही किती वाजता येता?"

संदीप चुळबुळला. "दोन्ही कंपन्यांना गाडी एकच हाय ना. तिच्याच गाडीत येतंय."

मागे बायका फिस्सकन हसल्या. संदीपही ओशाळून हसला. माणूस वाईट नव्हता तो.

"चिमीला ताप आला तेव्हा ताई ड्यूटीवर. तुम्ही?"

"मीपण."

"मग दवाखान्यात कोण घेऊन गेला?"

"मी," संदीपची आई म्हणाली.

"म्हणजे दोघंपण नव्हते. आजी होती." वनिता एवढंच म्हणाली आणि थांबली. आजीच्या वाट्याचं तिने आजीला देऊन टाकलं, ते मला फार आवडलं.

रूपजी गरम झाला. "बापाची गोष्ट वेगळी, आयची वेगळी!"

"वेगळी हाय तं कशी वेगळी ती सांग," काकड्याबाबा म्हणाले. "नुसता वेगळी-वेगळी नको." रूपजी संदीपकडे बघू लागला. काकड्याबाबांना माझ्या वर्गात न्यावं असं मला वाटून गेलं.

मग वनिता संदीपच्या आईकडे वळली. "मावशी, चिमी रातचं कोणाजवळ झोपायची?"

बाईने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर बैठक तिथेच फिरली असती. रूपजी तिच्याकडे डोळे वटारून बघतही होता. पण ती मांडीवरच्या नातीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "आयजवळच. बापाला तं लाथ मारली तरी जाग येत नाय."

"आणि आता?"

"आता माझेजवळ." थोडं थांबून ती म्हणाली, "दाराकडे तोंड करून निजं. मी वळवतंय, ती परत दाराकडे वळं."

नवसूंनी मान खाली घातली आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. मला रडू आलं हे कबूल करते, परकी असून आलं.

पुढे काकड्याबाबांनी निवाडा दिला तो रीतीप्रमाणेच. चिमी आईकडे. संगीताने सासूला उलट बोलल्याबद्दल हात जोडायचे. पावसाळ्याआधी संदीपने कंपनीच्या गाडीच्या थांब्याजवळ खोली बघायची आणि बायकोमुलीला घेऊन तिथे राहायचं. काम दोघांनी करायचं. रूपजीचा मान म्हणून निवाड्यानंतरचा पहिला चहा त्याला. कुणीही रिकाम्या हाताने गेलं नाही. ज्या तडजोडीवर मी वनिताच्या वहीत लाल रेघ मारली होती, तीच समोर घडत होती आणि मला त्यात खोडायला काही सापडत नव्हतं. कथांना ती चालत नाही, माणसांना तिच्यावाचून भागत नाही, इतकं माझ्यापुरतं ठरवून मी उठले. अंगणाच्या टोकाला संगीता लेकीला छातीशी धरून उभी होती, आणि संदीपची आई रिकामी मांडी झटकून उठत होती.

आठवड्याने वनिताने निबंध आणून दिला. आता मुद्देवार होता. कथा कोण सांगतं. घर सोडताना बाई सोबत काय नेते. मागून हाक कोण मारतं. प्रत्येक मुद्दा दोघींना विचारलेला, समेट कुठेच नाही. मी तिच्यावर खूश होत होत शेवटच्या परिच्छेदावर आले. तिथे लिहिलं होतं: 'बाई घर सोडते, एवढे वगळता या दोन कथा सर्व बाबतीत वेगळ्या आहेत. आणखी एकच गोष्ट सारखी आहे. पहिल्या कथेत मुलगा गृहपाठ करत बसला आहे. दुसऱ्या कथेत मुलगी झोळीत आहे. आई गेल्यावर त्यांना काय वाटले, हे दोन्ही लेखकांनी विचारलेले नाही.'

त्या कथा मी इतकी वर्षं शिकवत होते. तो मुलगा आणि ती झोळी मला पाठ होती, प्रश्नपत्रिकेत मी त्यांच्यावर टिपाही विचारल्या होत्या. हे मात्र कुणी माझ्यापुढे असं ठेवलं नव्हतं. मी पुस्तक काढून दोन्ही शेवट पुन्हा वाचले. पोरीचं बरोबर होतं. कामाच्या अखेरच्या वर्षी असं काही हाती येणं ही चैन आहे. मी स्टाफरूममध्ये तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "बरं लिहिलंय," आणि डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली वनिताला बाजूला घेतलं. "हा शेवटचा मुद्दा कसा सुचला?"

"बैठकीवरनं," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांना विचारलं, मॅडम. भावोजींना, मावशीला. चिमी तिथंच बसलेली. तिला कोणी कायच नाय विचारलं. मीपण नाय."

"मग?"

"घरी विचारलं. तुला कोण पायजे, म्हटलं."

"काय म्हणाली?"

"आय पायजे, म्हणाली. मग थोडे वेळानं म्हणते, आजीपण."

निवाडा झाला होता, मान झाला होता, चहा झाला होता. "मग काय केलंत?"

"काय करणार? ताईनं सवताच फोन लावला सासूला. मावशी दुसरे दिवशी आली. दोन रात्री झाल्या, जायचा नाव नाय घेत."

"आणि झोपते कुणाजवळ चिमी?"

वनिता हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी तिला मोकळं हसताना पाहिलं.

"ताई या अंगाला, मावशी त्या अंगाला," ती म्हणाली. "चिमी मधी."